यादीत नाव आहे का?



गेल्या रविवारी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि जुन्या कागदांत आमची जमाखर्चाची वही सापडली. साल २०२०. मार्चचे पान दोन्ही बाजूंनी भरलेले आहे. एप्रिलच्या पानावर मात्र जमेच्या बाजूला एकच ओळ आहे: 'मार्चचा पगार, कापून, ५५००'. तिच्याखाली पान कोरे. खर्चाची बाजू अगदी तळाच्या रेघेपर्यंत गेली आहे आणि समासातही बारीक अक्षरात लिहिले आहे, कारण तेव्हा नवी वही घेणे हासुद्धा खर्चच होता.

ती वही घेऊन आम्ही उंबऱ्यात बसलो आणि पेटी आवरायची राहून गेली. तुमच्याही घरात अशी वही असेल, नसेल तर डोक्यात असेल. कोरोनाच्या साथीवर पुष्कळ बोलून झाले आहे. पण हातावर पोट असलेल्या घरात पगार थांबला तेव्हा सरकारकडून नेमके काय आले, कोणाला आले आणि कोणाला आले नाही, याचा हिशोब आपण एकत्र बसून कधी मांडलाच नाही. आज तो मांडतो.

आमच्या घरात सहा माणसे. मुलांचे वडील एका कारखान्यात कंत्राटावर, पगार ८,०००. आमचे शिलाईचे महिन्याला अडीच हजार. आत्याबाई आणि तीन मुले. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि २५ पासून देश बंद झाला. आधी एकवीस दिवस म्हणाले. १४ एप्रिलला, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशीच, सकाळी दहा वाजता ती ३ मेपर्यंत वाढल्याचे सांगण्यात आले. आम्ही घरातच प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून बसलो होतो. दरवर्षी त्या दिवशी वस्तीत पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी जमलेल्या वर्गणीतून तांदूळ, डाळ आणि तेलाच्या पिशव्या बांधल्या आणि अंधार पडल्यावर दारोदार ठेवल्या. दिवसा नेल्या तर घेणाऱ्याला लाज वाटते, हे त्या पोरांना कोणी शिकवले नव्हते.

केंद्राच्या गृहखात्याने २९ मार्च २०२० ला हुकूम काढला होता की, मालकांनी कामगारांना न कापता पगार द्यावा आणि घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये. कागदावर फार चांगला हुकूम. आमच्या कंत्राटदाराचे उत्तर होते, "काम नाही तर दाम नाही." मे महिन्यात तो हुकूम मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा असे सांगितले. आता कंत्राटी कामगाराने कोणाशी बोलावे? कारखानदार म्हणतो हा माझा माणूस नाही, कंत्राटदार फोन उचलत नाही. ते ५५०० रुपये म्हणजे भरलेल्या दिवसांचे पैसे. बाकी एप्रिल, मे, जून शून्य.

तीन महिन्यांचे साडेदहा हजाराप्रमाणे ३१,५०० रुपये बुडाले. आता मदतीकडे वळू.

२६ मार्चला केंद्राने १ लाख ७० हजार कोटींची गरीब कल्याण योजना जाहीर केली. जनधन खाते असलेल्या महिलांना एप्रिल ते जून दरमहा ५०० रुपये. देशात अशा सुमारे वीस कोटी भगिनी होत्या. बँकेत गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाचा शेवटचा अंक बघून दिवस ठरवले होते: ० आणि १ वाल्यांना ३ एप्रिल, ८ आणि ९ वाल्यांना शेवटचा ९ एप्रिल. तरीही गर्दी झालीच. लगेच काढले नाहीत तर सरकार पैसे परत घेईल अशी अफवा उठली आणि बायका पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या. ते खोटे आहे असा खुलासा सरकारला करावा लागला. पण ज्याच्या घरात दोन दिवसांचे पीठ उरले आहे तो खुलाशाची वाट बघत बसत नाही.

आमचे स्वतःचे खाते बँकेत होते, पण साधे बचत खाते. जनधनचे नव्हते. दिसायला पासबुक सारखेच, पण पाचशे रुपये नाहीत. जनधन खाते होते आत्याबाईंचे. ते वापरात नसल्याने बंद पडले होते. आधारकार्ड, फोटो, फॉर्म असे तीन हेलपाटे झाल्यावर ते जून अखेरीस सुरू झाले आणि तिन्ही महिन्यांचे दीड हजार एकदम हातात आले. आत्याबाईंनी त्यातून आधी दुकानाची उधारी दिली आणि उरलेल्यातून नातवंडांना एक कलिंगड आणले. आम्ही त्या कलिंगडावरून त्यांच्याशी भांडलो. वहीत ते लिहिलेले आहे, 'कलिंगड ४०', आणि आज वाचताना आमचीच आम्हाला लाज वाटली.

धान्याचे सांगतो. रेशनवर ज्यांना नेहमी धान्य मिळते त्यांना माणशी पाच किलो तांदूळ फुकट आणि घराला एक किलो डाळ, असे आधी जूनपर्यंत आणि नंतर नोव्हेंबर २०२० पर्यंत जाहीर झाले. २०२१ च्या मे महिन्यात ते फुकट धान्य पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. २०२३ पासून तर नेहमीचे धान्यच फुकट केले आहे. या धान्याने आपल्या लोकांना जगवले, हे आम्ही कोणाचीही भीड न धरता लिहितो. चूल पेटली ती त्याच्यामुळे.

पण आमचे कार्ड केशरी. महाराष्ट्रात अन्न सुरक्षेच्या यादीत बसायला शहरातल्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ५९,००० च्या आत लागत होते, खेड्यात ४४,००० च्या आत. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारही नाहीत. मुंबईसारख्या शहरात खोलीभाडे देऊन पाच हजारांत कोणते कुटुंब राहते? आमच्या दाखल्यावर ९६,०००. म्हणून आम्ही सरकारच्या लेखी गरीब नाही. केशरी कार्डवाल्यांसाठी राज्य सरकारने मे आणि जून २०२० मध्ये ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला, माणशी तीन किलो आणि दोन किलो. आमच्या सहा माणसांचे २८८ रुपये झाले. बाजारभाव धरला तर महिन्याला सातशेच्या आसपास वाचले.

तेव्हा बेरीज अशी: पाचशेचे तीन हप्ते आणि धान्यात वाचलेले पंधराशेच्या आत. बुडाले ३१,५००, आले तीन हजारांच्या जवळपास. दहा रुपये गेले आणि एक रुपया आला, तोही पुरता नाही. आणि आमचे घर तरी बऱ्यापैकी नशीबवान म्हणायचे.

आमच्या भिंतीपलीकडे एक भगिनी राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. विधवा आहेत, चार घरची धुणीभांडी करतात, मुलगी आणि मुलगा पदरात. टाळेबंदीत सोसायट्यांनी कामवाल्या बायांना फाटकातच अडवले. चारांपैकी एका घराने सगळे महिने पूर्ण पगार दिला, तोही स्वतः फोन करून. एकाने अर्धा दिला. दोन घरांनी फोनच केला नाही, आणि त्यातले एक घर त्या अकरा वर्षे सांभाळत होत्या. त्यांचे कार्ड अन्न सुरक्षेतले, पण त्यावर नावे दोनच. धाकट्या मुलाचे नाव चढवायला त्या साथीच्या आधी दोनदा जाऊन आल्या होत्या. उत्तर मिळाले, "इष्टांक संपला." ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्राला अन्न सुरक्षेत सात कोटी माणसांचा आकडा ठरवून दिलेला आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर देशात जनगणना झाली नाही, पण मुले जन्माला यायची थोडीच थांबली? आकडा भरला की नवे नाव चढत नाही. म्हणून तीन तोंडांच्या घरात दोघांचा दहा किलो तांदूळ यायचा.

त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. आठवत असेल, साथीमुळे भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला होता. जुलैअखेर निकाल लागला. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, वर्गही ऑनलाइन, आणि घरात फोन एकच, तोही बटणाचा. आमच्या मुलाच्या फोनवर तिने फॉर्म भरला. पण मास्क शिवायच्या कामावर रोजाने पोरी घेत होते, तिथे ती 'दोन महिन्यांसाठी' म्हणून गेली. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. आज ती कपड्यांच्या पॅकिंगला जाते.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि राज्यात पुन्हा निर्बंध लागले. त्या वेळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी १३ एप्रिलच्या रात्री ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदीत घरेलू कामगारांना दीड हजार, नोंदीत बांधकाम कामगारांना दीड हजार, अधिकृत फेरीवाल्यांना दीड हजार, परवानाधारक रिक्षावाल्यांना दीड हजार. शिवभोजन थाळी, जी साथीत दहाची पाच रुपये झाली होती, ती महिनाभर फुकट. आम्ही भिंतीवर थाप मारून शेजारच्या भगिनींना हाक मारली, "अहो, तुमचे दीड हजार आले!" त्या ओल्या हाताने धावत आल्या.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. या भगिनींची नोंदणी झालेली होती. पण ती मुदतीत चालू ठेवावी लागते. २०१९ च्या दिवाळीत त्या आपला कागद घेऊन आमच्याकडे आल्या होत्या, "वहिनी, एवढे बघा ना, कुठे भरायचे ते." आमच्याकडे सणाच्या शिलाईची घाई होती. आम्ही म्हणालो, "ठेवा, बघू पुढच्या आठवड्यात." तो कागद मशीनच्या खणात राहिला. एप्रिल २०२१ मध्ये तो तिथेच सापडला, बॉबिनच्या डब्याखाली. मुदत केव्हाच संपलेली. मदत नोंदणी चालू असलेल्यांना. त्यांचे दीड हजार आमच्या खणात राहिले.

त्यांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. "राहू द्या वहिनी, तुम्हाला तरी काय माहीत," एवढेच म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरे वाटले असते.

दीड हजार म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. फोनचा हप्ता सुरू झाला असता, असे आम्हाला राहून राहून वाटते. कदाचित नसताही झाला.

पण नुसता आमचाच दोष म्हणून विषय संपत नाही. त्या चारही याद्या नीट वाचा. रिक्षाचे पैसे परवाना ज्याच्या नावावर त्याला. आमच्या वस्तीत रिक्षा चालवणारे पुष्कळ, परवाना असलेले थोडे. बाकीचे दुसऱ्याची रिक्षा पाळीवर घेऊन चालवतात. दिवसभर हँडल ज्याच्या हातात त्याला छदाम नाही. बांधकाम कामगाराला नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याचा रोज नवा ठेकेदार असतो, त्याने नव्वद दिवसांची सही कोणाकडून आणायची? आणि पैसा नव्हता असे नाही. बांधकामावर एक टक्का उपकर कामगारांच्या नावानेच गोळा होतो. फेरीवाल्यांनाही तेच, जो पालिकेच्या सर्वेक्षणात सापडला तो अधिकृत. सर्वेक्षणाच्या दिवशी जी भाजीवाली भगिनी बाळंतपणाला गावी गेली होती तिला कोण विचारतो? केंद्राने फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये दहा हजारांची योजना आणली, पण ते कर्ज होते. बुडालेल्या धंद्याला कर्ज देणे ही मदत खरी, पण ती फेडायची मदत.

कर्जाचेच निघाले म्हणून सांगतो. बायकांच्या गटाला आठवड्याच्या हप्त्यावर पैसे देणाऱ्या कंपन्या आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. आपल्या कितीतरी भगिनींनी ती माफी समजली. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. तीस हजारांवर वर्षाला चोवीस टक्के दर असेल तर महिन्याला सहाशे, सहा महिन्यांचे छत्तीसशे. त्या व्याजावरचे व्याज तेवढे पुढे सोडले गेले. सप्टेंबरमध्ये वसुलीवाला दारात आला तेव्हा गटातल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या, कारण एकीने नाही भरले तर बाकीच्यांनी भरायचे असते. आमच्या चाळीतल्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी तेव्हापासून नळावर एकमेकींशी बोलत नाहीत.

ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता त्यांनी तो काढून खाल्ला. तशी सवलतच दिली होती. म्हातारपणाचे पैसे तरुणपणी संपले, आणखी काय लिहिणार?

आत्याबाई हे सगळे ऐकत बसलेल्या असायच्या. त्या जालन्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. एक दिवस त्या म्हणाल्या, "बाहत्तरला हातात टिकाव घेतला की नाव लागत व्हतं. लिहिणारा तिथंच बसलेला असायचा, आपल्यालाच त्याच्या दारी जायचं नव्हतं." तेव्हाचे दिवस सोन्याचे होते असे नाही. मजुरी उशिरा मिळे, रेशनवर लाल मिलो खावा लागे, लेकरांना सुकडीवर ठेवावे लागे. पण त्यांच्या बोलण्यात मुद्दा आहे. दुष्काळी कामावर जो उन्हात येऊन उभा राहिला तोच गरजू, दुसरा दाखला मागितला जात नव्हता. त्याच कामांच्या अनुभवातून पुढे महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. साथीच्या काळात खेड्यात केंद्राच्या रोजगार हमीवर दिवसाला २३८ रुपये तरी मिळत होते. शहरात तशी हमीच नाही. शहरातला माणूस गावी चालत निघाला त्याचे हेही एक कारण. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपेत मालगाडीखाली गेले. तेही यादीबाहेरचेच लोक. आत्याबाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

आणि धान्य नव्हते म्हणून यादी आखडती ठेवली असेही नाही. अमर्त्य सेन, अभिजित बॅनर्जी आणि रघुराम राजन या अर्थतज्ज्ञांनी एप्रिल २०२० मध्येच जाहीर लिहिले होते की, मार्चमध्ये सरकारी गोदामांत ७ कोटी ७० लाख टन धान्य पडून आहे, तेव्हा जो कोणी रांगेत उभा राहील त्याला सहा महिन्यांचे तात्पुरते रेशनकार्ड द्या. म्हणजे आत्याबाईंचेच म्हणणे. मेमध्ये कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांना दोन महिने धान्य जाहीर झाले, पण तोवर निम्मे लोक वाटेला लागले होते.

आमच्या चाळीत पाळीवर रिक्षा चालवणारा एक भाऊ मे २०२१ मध्ये वारला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये ठरले. त्याच्या कागदावर फक्त न्यूमोनिया लिहिलेले. चाचणीचा कागद मात्र त्याच्या बायकोने त्याच्याच शर्टाच्या खिशात घडी करून जपून ठेवला होता. चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो धरायचा, असा नियम होता. त्या कागदावर तक्रार समितीपुढे तिचे काम झाले. आम्ही तिच्याबरोबर तीन वेळा गेलो. या वेळी खणात काही ठेवले नाही.

आता असंघटित कामगारांसाठी ई-श्रम म्हणून केंद्राची नोंदणी आहे, ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली. वय सोळा ते एकोणसाठ, भविष्यनिर्वाह निधी किंवा राज्य विमा नसावा, आयकर भरत नसावा. फुकट होते. त्याने उद्या काय मिळेल याची हमी आम्ही देत नाही, पुन्हा संकट आले तर यादी कुठली धरतील ते आज कोणी सांगू शकत नाही. शेजारच्या भगिनींचे ई-श्रम कार्ड आम्ही स्वतः काढून दिले. त्यांनी ते प्लास्टिकमध्ये घालून पिठाच्या डब्यात ठेवले आहे, उंदीर लागू नये म्हणून. त्यांचे मंडळाचे काम अजून अडले आहे. ज्या घरी काम करतात तिथल्या मालकिणीकडून, 'ही आमच्याकडे काम करते' एवढे लिहून हवे आहे, आणि त्या बाईसाहेब सही द्यायला कचरतात. पूर्ण पगार देणारे घर पुण्याला राहायला गेले.

येत्या रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही आणि मंडळाची दोन मुले विहाराच्या ओट्यावर फॉर्म भरायला बसणार आहोत. येताना आधारकार्ड, त्याला जोडलेल्या नंबरचा फोन, बँकेचे पासबुक आणि रेशनकार्ड आणावे. पासबुक कोणत्या प्रकारच्या खात्याचे आहे आणि खाते चालू आहे का, तेही तिथेच बघू. घरकाम करणाऱ्या भगिनींनी जुन्या नोंदणीचा कागद असेल तो, फाटका असला तरी, घेऊन यावा. ज्यांना रविवारी सुट्टी नसते त्यांनी कोणाच्या तरी हाती निरोप पाठवावा, आम्ही संध्याकाळी घरी येऊ.